नकोशी उमेदवारी: युजीन मॅकार्थी, जेरेमी लार्नर आणि १९६८ चे वर्ष

१/
उमेदवारीसाठी धडपडणारे पुष्कळ असतात. जिला उमेदवारीच नकोशी वाटते अशी व्यक्ती निवडणुकीत क्वचितच दिसते, आणि दिसली की लोकांचा तिच्यावर चटकन विश्वास बसतो. सत्तेची हाव नसलेला माणूस सत्ता नीट वापरेल, असे आपण जवळजवळ गृहीतच धरतो. १९६८ साली अमेरिकेत या गृहीतकाची कसोटी लागली. आजचा थ्रेड त्याविषयी. त्यात दोन माणसे महत्त्वाची आहेत: सिनेटर युजीन मॅकार्थी आणि त्यांचे भाषणलेखक जेरेमी लार्नर.

२/
आधी नावाचा घोटाळा दूर करू. पन्नाशीच्या दशकात कम्युनिस्टांच्या शोधाच्या नावाखाली दहशत माजवणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी हे वेगळे, आणि ते रिपब्लिकन. आपले युजीन मॅकार्थी मिनेसोटा राज्यातले, डेमोक्रॅटिक पक्षाचे. १९५२ मध्ये या दोघांचा जाहीर वादविवादही झाला होता. युजीन यांचा जन्म १९१६ चा. तरुणपणी ते काही महिने बेनेडिक्टाइन मठात साधक म्हणून राहिले, पुढे महाविद्यालयात शिकवू लागले. १९४८ मध्ये प्रतिनिधिगृहात आणि १९५८ मध्ये सिनेटमध्ये निवडून आले. ते कविताही लिहीत.

३/
१९६० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात ॲडले स्टीव्हन्सन यांचे नाव मांडणारे भाषण मॅकार्थींनीच केले होते, आणि त्या भाषणाने ते देशभर ओळखले जाऊ लागले. स्टीव्हन्सन हेदेखील आढेवेढे घेणारे उमेदवार म्हणून प्रसिद्ध होते. १९५२ मध्ये पक्षाने त्यांना जवळजवळ ओढूनच उभे केले होते. दुसऱ्या एका अनिच्छुक माणसाची कळकळीने बाजू मांडणाऱ्या या वक्त्यावर आठ वर्षांनी तीच वेळ येणार होती.

४/
१९६७ च्या अखेरीस व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्य पाच लाखांच्या घरात गेले होते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन डेमोक्रॅटिक पक्षाचेच. त्यामुळे युद्धाला विरोध म्हणजे स्वपक्षाच्या अध्यक्षाला विरोध. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे सरकारच्या वतीने निकोलस कॅट्झनबाख यांनी साक्ष दिली. टोंकिनच्या आखाताविषयीचा १९६४ चा ठराव युद्धघोषणेच्याच तोडीचा आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. मॅकार्थी संतापून बैठकीतून उठून गेले. हा प्रश्न आता थेट जनतेपुढे न्यावा लागेल, असे त्यांचे मत झाले.

५/
दुसरीकडे ॲलर्ड लोवेन्स्टाइन नावाचा एक धडपड्या कार्यकर्ता जॉन्सन यांच्याविरुद्ध उभे राहील असा कोणीतरी शोधत होता. त्याने रॉबर्ट केनेडींचे दार ठोठावले. ते नाही म्हणाले. जनरल जेम्स गॅव्हिन आणि सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडूनही नकार आला. विद्यमान अध्यक्षाला त्याच्याच पक्षात आव्हान देणे म्हणजे स्वतःची कारकीर्द पणाला लावणे होते. ज्यांना पुढे बरेच काही मिळवायचे होते, त्यांनी हिशेब केला आणि ते मागे राहिले. शेवटी होकार दिला तो मॅकार्थींनी.

६/
हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. मॅकार्थी उभे राहू शकले ते अध्यक्षपदाची त्यांना फारशी ओढ नव्हती म्हणून. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी केलेली घोषणासुद्धा त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. आपण अध्यक्ष होऊ इच्छितो, असा सूर त्यात नव्हता. काही राज्यांच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, आपण अध्यक्षांच्या धोरणाला आव्हान देऊ. राजकारणाने काहीच बदलत नाही ही हताशा त्यामुळे थोडी कमी होईल, अशी त्यांची मांडणी होती.

७/
दोनच दिवसांनी शिकागोत युद्धविरोधी डेमोक्रॅट्सची सभा भरली. लोवेन्स्टाइन यांनी जॉन्सनविरोधात आग ओकणारे भाषण केले आणि ते लांबतच गेले. मॅकार्थी आत ताटकळत होते. चिडून ते कागदी पेला पायाने भिंतीवर उडवत राहिले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. मग व्यासपीठावर येऊन त्यांनी शांत, कोरडे, जवळजवळ वर्गातल्या व्याख्यानासारखे भाषण केले. श्रोत्यांना रणशिंग ऐकायचे होते. उमेदवार आणि त्याचे अनुयायी यांच्यातील हे अंतर पुढे कधीच मिटले नाही.

८/
पहिली लढत न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यात. तिथे उतरायलाही ते सुरुवातीला राजी नव्हते. स्थानिक कार्यकर्त्यांनी गळ घातली तेव्हा जानेवारी १९६८ च्या आरंभी त्यांनी होकार दिला. आणि मग देशभरातून विद्यार्थी तिथे लोटले. सनातनी वळणाचे मतदार बिचकू नयेत म्हणून मुलांनी दाढ्या उतरवल्या, केस कापले. मुलींनी साधे पोशाख घातले. बर्फातून घरोघरी जाऊन ही मुले युद्धाविषयी बोलत. ‘जीनसाठी स्वच्छ’ अशा अर्थाची घोषणा त्यांच्यामुळेच रूढ झाली.

९/
जानेवारीच्या शेवटी व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला झाला. विजय दृष्टिपथात आहे, हा सरकारचा दावा लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळला. १२ मार्चला निकाल लागला: जॉन्सन सुमारे ४९ टक्के, मॅकार्थी सुमारे ४२ टक्के. जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते. समर्थकांना ते हाताने लिहावे लागत होते. तरीही विद्यमान अध्यक्षाला निम्मी मतेही मिळू नयेत, हा देशाला धक्का होता. शिवाय जॉन्सन समर्थकांची मते अनेक नावांत विभागली गेल्याने राज्याच्या २४ पैकी २० प्रतिनिधी मॅकार्थींच्या पदरात पडले.

१०/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. ही ४२ टक्के मते शांततेची होती का? मतदारांच्या नंतर झालेल्या अभ्यासात दिसले ते वेगळेच. मॅकार्थींना मत देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना युद्ध थांबवायचे नव्हते, उलट अधिक जोरात लढायचे होते. जॉन्सनवर ते नाराज होते एवढेच. कमी बोलणाऱ्या, फारशी आश्वासने न देणाऱ्या उमेदवारात ज्याने त्याने आपल्या मनातले पाहिले. विद्यार्थ्यांनी, लार्नरने आणि इतर सहाय्यकांनीही तेच केले.

११/
१६ मार्चला रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले. ज्या मुलांनी बर्फ तुडवला होता त्यांना हे आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यासारखे वाटले आणि मॅकार्थींच्या मनात तर ती अढी कायमची बसली. ३१ मार्चला जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले. दोन दिवसांनी विस्कॉन्सिनमध्ये मॅकार्थी ५६ टक्के मतांनी जिंकले. चार महिन्यांपूर्वी कोणी गंभीरपणे न घेतलेल्या माणसामुळे अध्यक्षाला माघार घ्यावी लागली होती.

१२/
नेमक्या याच विजयाच्या तोंडावर मोहिमेत पहिली मोठी फूट पडली. प्रेस सेक्रेटरी सीमोर हर्श यांनी राजीनामा दिला. मिलवॉकी शहरातील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत प्रचाराला जाण्याची मोहिमेची टाळाटाळ हे त्यामागचे कारण असल्याच्या बातम्या आल्या. हर्श पुन्हा पत्रकारितेत परतले. केनेडींनी उमेदवारी जाहीर केली त्याच १६ मार्चला व्हिएतनाममधील माय लाई गावात अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली होती. जगाला ते वीस महिन्यांनी कळले, ते हर्श यांच्याच बातम्यांमुळे. त्यासाठी १९७० मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१३/
हर्श बाहेर पडले त्याच सुमारास जेरेमी लार्नर आत आले. तिशीतले कादंबरीकार, पहिली कादंबरी १९६४ मध्ये प्रकाशित झालेली. राजकारणाचा पेशा नाही, पदाची अपेक्षा नाही. युद्ध थांबावे ही तळमळ आणि मॅकार्थींविषयीचा आदर, एवढ्यावर ते भाषणलेखक झाले. मॅकार्थींचा तल्लख विनोद, त्यांची बुद्धी, जमावाला चेतवण्याविषयीचा त्यांचा तिटकारा या साऱ्याने लार्नर प्रारंभी भारावून गेले होते. पुढे त्यांनी ज्या दोषांवर बोट ठेवले, त्यांची मुळे याच गुणांत होती.

१४/
लार्नर यांनी नंतर लिहिलेल्या हकिगतीत एक चित्र पुन्हा पुन्हा येते. सहाय्यक रात्रभर जागून भाषण तयार करतात. उमेदवार ते बाजूला ठेवून आपले नेहमीचे चार शब्द बोलतो. गरिबी आणि वंशभेद यांविषयी ठाशीव भूमिका घ्यावी म्हणून माणसे जीव तोडून सांगतात. तो कोटी करून विषय टाळतो. जे त्याच्यासाठी सर्वाधिक राबतात त्यांच्याविषयीच त्याला अवघडलेपण वाटते, कारण त्यांच्या कष्टांचे ओझे त्याच्यावर पडते. आभार मानणे म्हणजे ऋण मान्य करणे, आणि ते त्याला नको असते.

१५/
२८ मे रोजी ओरेगॉनमध्ये मॅकार्थींनी केनेडींना हरवले. केनेडी घराण्यातील कोणी निवडणूक हरल्याची ती पहिलीच वेळ. आता कॅलिफोर्निया निर्णायक. १ जूनला सॅन फ्रान्सिस्कोत दोघांचा दूरचित्रवाणीवर वादविवाद ठरला. सहाय्यक टिपणे घेऊन सज्ज होते. मॅकार्थींनी मात्र त्याआधीचा वेळ आपले मित्र, कवी रॉबर्ट लोवेल यांच्याबरोबर गप्पा आणि थट्टामस्करीत घालवला. गरीब वस्त्यांतील लोकांना उपनगरांतही घरे मिळावीत असे ते म्हणत. तुम्ही दहा हजार कृष्णवर्णीयांना उचलून ऑरेंज काउंटीत नेणार, असा शेरा केनेडींनी मारला. त्यातील भीतीचे राजकारण उघडे पाडण्याची संधी समोर होती. मॅकार्थींनी ती जाऊ दिली.

१६/
४ जूनला कॅलिफोर्नियात केनेडी ४६ विरुद्ध ४२ टक्क्यांनी जिंकले. मध्यरात्र उलटल्यावर लॉस एंजेलिसच्या हॉटेलात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ६ जूनला त्यांचा मृत्यू झाला. मॅकार्थी यानंतर मनाने मोहिमेतून जवळजवळ बाहेर पडले. प्रचार चालू राहिला, सभांना गर्दी होत राहिली, पण केनेडींच्या अनुयायांना जवळ करण्याचा प्रयत्न त्यांनी मनापासून केला नाही. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा, हे काही मोठे जागतिक संकट नव्हे, अशा आशयाचे विधान करून त्यांनी उरलेसुरले मित्रही अस्वस्थ केले.

१७/
त्या काळी प्रायमरी मोजक्याच राज्यांत होत. बाकी राज्यांत प्रतिनिधी कोण हे पक्षाचे स्थानिक पुढारी ठरवत. त्यामुळे उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता बहुमत गोळा केले. ऑगस्टच्या अखेरीस शिकागोतील अधिवेशनात शांततेचा ठराव सुमारे १,५६८ विरुद्ध १,०४१ मतांनी फेटाळला गेला. उमेदवारीच्या मतदानात हम्फ्रींना सुमारे १,७६०, तर मॅकार्थींना ६०१ मते मिळाली. आणि मतदान होण्यापूर्वीच मॅकार्थींनी काही वृत्तपत्रांच्या संपादकांशी बोलताना हम्फ्री जिंकल्यातच जमा आहेत, असे सांगून टाकले होते. हे छापून आले तेव्हा त्यांचे कार्यकर्ते सभागृहात एकेका प्रतिनिधीची मनधरणी करत होते.

१८/
बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या तरुण निदर्शकांवर पडत होत्या. कॉनरॅड हिल्टन हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर मॅकार्थींच्या माणसांनी जखमींसाठी प्रथमोपचाराची सोय केली. ३० ऑगस्टच्या पहाटे, खिडक्यांतून वस्तू फेकल्या जातात असे कारण देऊन, पोलीस त्याच मजल्यावर घुसले आणि त्यांनी तरुण कार्यकर्त्यांना मारहाण केली. त्या वेळी मॅकार्थी स्वतः धावून आले, पोलिसांना सामोरे गेले आणि मुले सुरक्षित आहेत याची खात्री होईपर्यंत त्यांनी शहर सोडले नाही. त्यांना निव्वळ उदासीन ठरवणाऱ्याने ही पहाट विसरू नये.

१९/
पण शरद ऋतूत ते पुन्हा दूर गेले. काही दिवस फ्रान्समध्ये, मग ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजवर लेखन. हम्फ्रींना पाठिंबा त्यांनी दिला तो २९ ऑक्टोबरला, मतदानाला आठवडा उरला असताना, आणि तोही कोमट शब्दांत. निक्सन ४३.४ विरुद्ध ४२.७ टक्क्यांनी जिंकले. मॅकार्थींचा पाठिंबा आधी आला असता तर निकाल बदलला असता का, हे सिद्ध करता येत नाही. इतकेच सांगता येते की १९६९ पासून युद्ध संपेपर्यंत आणखी वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. मेलेल्या व्हिएतनामी लोकांची संख्या याच्या कित्येक पट.

२०/
लार्नर यांनी आपला भ्रमनिरास १९६९ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात आणि १९७० मध्ये ‘नोबडी नोज’ या पुस्तकात मांडला. आता प्रश्न असा की हे साधन आपण कसे वाचावे? लार्नर जवळ होते, हे त्यांचे बळ. ते दुखावलेले होते, ही त्यांची मर्यादा. भ्रमनिरास झालेला साक्षीदार बहुधा खोटे बोलत नाही. तो निवड करतो. आपल्या निराशेला दुजोरा देणारे प्रसंग त्याला अधिक ठळक आठवतात. पंधराव्या मजल्यावरची पहाट आणि बाजूला ठेवलेली भाषणे, ही दोन्ही एकाच माणसाची आहेत.

२१/
मॅकार्थींची बाजूही ऐकायला हवी. १९६९ मध्ये त्यांनी ‘द इयर ऑफ द पीपल’ हे पुस्तक लिहिले. शीर्षकातच त्यांचा दावा आहे: हे वर्ष लोकांचे होते, माझे नव्हे. अध्यक्षपद अवास्तव मोठे झाले आहे, एका माणसाच्या हाती युद्ध देणे हाच मूळ रोग आहे, असे ते मानत. अशा माणसाने स्वतःच तारणहाराचा आव आणला असता तर तो त्याच्या विचारांशी द्रोह ठरला असता. लार्नरना जी अलिप्तता वाटली, ती मॅकार्थींच्या दृष्टीने तत्त्वनिष्ठा होती.

२२/
मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. सत्ता नको म्हणणे आणि जबाबदारी नको म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर १९६७ मध्ये मॅकार्थींनी पहिली गोष्ट केली, आणि महत्त्वाकांक्षी माणसे कचरत असताना एक दार उघडले. जून १९६८ नंतर पहिलीच्या नावाखाली दुसरी गोष्ट होऊ लागली. एकदा हजारो तरुण शिक्षण, नोकरी, घर सोडून तुमच्या मागे आले की उमेदवारी तुमची खासगी बाब राहत नाही. पक्षपुढाऱ्यांच्या हातात असलेली ती लढाई मनापासून लढूनही ते बहुधा हरले असते. तरी त्या तरुणांचे त्यांच्याकडे एवढे मागणे नक्कीच होते.

२३/
लार्नर यांनी आपला अनुभव आणखी एका रूपात मांडला. १९७२ च्या ‘द कँडिडेट’ या चित्रपटाची पटकथा त्यांची. रॉबर्ट रेडफर्डने साकारलेल्या तरुण वकिलाला प्रचारतज्ज्ञ पटवतो: तू हरणारच आहेस, तेव्हा मनात येईल ते बोल. मग हळूहळू जिंकण्याची शक्यता दिसू लागते आणि त्याचे बोलणे गुळगुळीत होत जाते. अखेरीस विजयी झालेला तो उमेदवार गोंधळून विचारतो की आता पुढे काय करायचे. या पटकथेला ऑस्कर मिळाले. गंमत अशी की हा नायक मॅकार्थींच्या उलट दिशेने जातो: तो वाकतो आणि जिंकतो. लार्नरना दोन्ही वाटांचे भय वाटत होते, असे यातून दिसते.

२४/
मोहीम मात्र वाया गेली नाही. शिकागोतील संतापामुळे डेमोक्रॅटिक पक्षाला मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमावा लागला. त्याच्या शिफारशींमुळे प्रतिनिधी निवडीचे नियम बदलले, आणि १९७२ पासून प्रायमरीच निर्णायक ठरू लागल्या. विद्यार्थ्यांना संघटित करणाऱ्या सॅम ब्राउन यांनी १५ ऑक्टोबर १९६९ च्या देशव्यापी युद्धविरोधी ‘मोरेटोरियम’च्या उभारणीत पुढाकार घेतला. मॅकार्थींनी १९७० मध्ये सिनेटची निवडणूक लढवली नाही; त्यांच्या जागी निवडून आले ते ह्युबर्ट हम्फ्री. पुढे ते पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे राहिले, पण तसा क्षण परत आला नाही. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले.

२५/
निःस्पृह नेत्याचे आपल्याला अप्रूप असते आणि ते असावेही. पण पुढच्या वेळी कोणी ‘मला पदाचा मोह नाही’ म्हणाला की टाळ्या वाजवून झाल्यावर एक प्रश्न त्याला विचारावा: मोह नाही हे ठीक, पण तुमच्या मागे येणाऱ्यांचे काय? मॅकार्थींना हा प्रश्न १९६७ च्या नोव्हेंबरमध्येच कोणी विचारला असता तर लार्नरचे पुस्तक कदाचित वेगळे झाले असते.

तुमच्या वाचनात असा एखादा अनिच्छुक उमेदवार आला असेल, मग तो कुठल्याही देशाचा वा काळाचा असो, तर खाली नक्की लिहा.